भाग संपल्यानंतरचा इतिहास

१/ १० सप्टेंबर १९९३. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर 'द एक्स-फाइल्स' सुरू झाली. मल्डर आणि स्कली हे एफबीआयचे दोन अधिकारी त्यात अनाकलनीय प्रकरणांचा छडा लावत.

२/ भाग संपला की युजनेट या संगणकीय चर्चाजालावर चाहत्यांची खडाजंगी सुरू होई. परग्रहवासी आणि सरकारी कारस्थानाचे अखंड कथासूत्र श्रेष्ठ, की एकाच भागात संपणारी राक्षसाची गोष्ट सरस?

३/ तीव्र मतभेद झाले ते नायक-नायिकेच्या नात्यावरून. त्यांच्यात प्रेम फुलावे म्हणणारे 'शिपर'. 'रिलेशनशिप'वरून पडलेले हे नाव. प्रणय नको म्हणणारे 'नोरोमो'. त्यांपैकी 'शिपर' हा शब्द आज जगभर रूढ आहे.

४/ एरवी मालिकांवरच्या गप्पा हवेत विरून जातात. यातल्या अनेक मात्र तारखांसह टिकल्या. कथेचा शेवट ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला त्या आठवड्यात काय वाटले, हे आपण त्याच्याच शब्दांत वाचू शकतो. नंतर लिहिलेल्या आठवणींना ही सर नाही.

५/ तरीही सावध राहावे. तेव्हा अशी जोडणी मुख्यतः विद्यापीठांत आणि तंत्रज्ञांकडे होती. बहुसंख्य प्रेक्षकांचा आवाज या दप्तरात नाही. साधन वाचताना गैरहजर कोण, हेही विचारावे.