मानेवरची काळी खूण : परटाचा बिब्बा आणि १९४३ सालचे एक निदान

१९४३ साल. आसामच्या पूर्व टोकाला, लेडो आणि मार्घेरिटाच्या परिसरात अमेरिकी सैन्याचा तळ पसरत चालला होता. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने चीनकडे जाणारी जुनी वाट बंद झाली होती आणि डोंगर-जंगल फोडून नवा लेडो रस्ता काढायचा होता. या तळावरच्या माणसांसाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संलग्न डॉक्टरांचे 'विसावे जनरल हॉस्पिटल' मार्घेरिटाला येऊन दाखल झाले.

मलेरिया आणि आमांशाने तिथल्या खाटा भरलेल्या असत. त्या गर्दीत अधूनमधून निराळेच रुग्ण येऊ लागले. ताप नाही, जखम नाही, कोणी चावल्याची आठवण नाही. पण कातडीवर एकाएकी लालभडक चट्टा उठलेला, त्यावर पाण्याने टचटचलेले फोड, असह्य खाज आणि आग. फोड फुटले की लस वाहे आणि दमट हवेत ती जागा चिघळे.

अशा दुखण्याला वसाहतीच्या बोलीत एक नाव तयारच होते : 'धोबी इच'. मुळात हे नाव जांघेतल्या गजकर्णासाठी वापरले जाई. तो बुरशीचा रोग. विसाव्या शतकाच्या आरंभी सिलोनमध्ये काम करणाऱ्या आल्डो कॅस्टेलानी यांच्यासारख्या संशोधकांनी त्या बुरशीचा अभ्यासही केला होता. पण बराकीतल्या बोलण्यात नावाची व्याप्ती वाढत गेली आणि कपड्याखाली उठणारी कोणतीही खाज 'धोबी इच' ठरू लागली. त्यामागचा समज असा, की एतद्देशीय परीट घाणेरड्या पाण्यात सगळ्यांचे कपडे एकत्र धुतो आणि एकाचा रोग दुसऱ्याला पोहोचवतो. बुरशी कपड्यांतून पसरू शकते, हे खरे. परंतु उष्ण हवा, घाम आणि घट्ट लष्करी कपडे यांचा वाटा कोणी नावात घातला नाही. नाव परटाचेच पडले.

नाव तयार असले की तपास थांबतो. मार्घेरिटाच्या डॉक्टरांनी तो थांबवला नाही. त्यांच्यात क्लॅरेन्स लिव्हिंगूड हे त्वचारोगतज्ज्ञ होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरळ कसे दिसते याइतकेच ते नेमके कुठे आहे, याकडे लक्ष दिले. बुरशीचा चट्टा दिवसेंदिवस सावकाश पसरतो आणि त्याची कड ठळक असते. हा चट्टा मात्र झटक्यात उठत होता, आणि उठत होता तो ठरावीक जागी : मानेच्या मागे, कमरेपाशी, घोट्याजवळ. घामाच्या किंवा घाणीच्या दृष्टीने या जागांत काही समान नव्हते. समान गोष्ट कपड्यांत होती. सदऱ्याची कॉलर, चड्डीचा कमरपट्टा, मोज्याचा काठ. आणि या प्रत्येक ठिकाणी आतल्या बाजूने एक छोटी काळी खूण.

ती खूण परटाची. शेकडो माणसांचे एकसारखे गणवेश एकाच घाटावर आले, तर कोणता कोणाचा हे ओळखायचे कसे? त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची ठिपक्यांची किंवा रेघांची निराळी खूण असे. ती कितीही धुतली, आपटली, उन्हात वाळवली तरी जाता कामा नये. अशी पक्की शाई एका फळाच्या सालीत तयार मिळते. त्या सालीतला तपकिरी, तेलकट रस चुन्याबरोबर कापडावर लागला, की काळा आणि कायमचा होतो. हे फळ म्हणजे बिब्बा. हिंदीत भिलावा, संस्कृतात भल्लातक.

या ठिकाणी मराठी वाचकाला हसू येणे साहजिक आहे. बिब्बा लिंबू-मिरचीबरोबर दारावर टांगला जातो, पायात काटा मोडला तर त्याचा चटका दिला जातो, त्याच्या बीमधली गोडंबी थंडीच्या लाडवांत पडते. आणि रस भलतीकडे लागला, की 'बिब्बा उतला' असे कोणतीही आजी एका नजरेत सांगते. चांगल्या चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, तर त्याने 'बिब्बा घातला' असे म्हणणारी भाषा या रसाचा स्वभाव पुरता ओळखून आहे. चरकसंहितेत भल्लातकाला रसायनाचा मान आहे, पण त्यासोबत सावधगिरीचे नियमही आहेत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने या फळावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच्या झाडाला 'सेमेकार्पस' हे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'खुणेचे फळ'. फळ ठाऊक होते, त्याचा उपद्रव ठाऊक होता, परटाची खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. रुग्णालयाच्या खाटेपर्यंत मात्र हे धागे एकत्र आले नव्हते.

संशय आला तरी पुरावा हवा. त्याचे साधन अर्ध्या शतकापूर्वीच तयार झाले होते. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने पाऱ्याच्या औषधाने पुरळ उठणाऱ्या रुग्णांच्या निरोगी कातडीवर तेच औषध मुद्दाम लावून पट्टी बांधली आणि पुन्हा तेच पुरळ उठवून दाखवले. ही पॅच चाचणी. संशयित पदार्थ थोडासा पाठीवर किंवा दंडावर लावायचा, साधारण दोन दिवस झाकून ठेवायचा आणि मग पाहायचे. आसामात बिब्ब्याच्या रसाने अशी चाचणी घेतली गेली आणि कातडीने उत्तर दिले. लिव्हिंगूड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू यांचा लेख त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. नव्या नावातही धोबी राहिला, पण आता बोट माणसाकडे नव्हते, खुणेकडे होते : 'धोबी मार्क डर्मटायटिस'. बुरशीची मलमे चोळण्याऐवजी खुणेचा तुकडा कापून टाकणे, हा उपाय ओघानेच आला.

पण एकाच घाटावर कपडे धुऊन घेणाऱ्या सगळ्यांनाच पुरळ का उठत नव्हते? याचे उत्तर अमेरिकेच्या जंगलात होते. तिथे 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल असते. व्हर्जिनियाच्या वसाहतीत गेलेल्या जॉन स्मिथ याने सतराव्या शतकातच तिच्या स्पर्शाने येणारी लाली, खाज आणि फोड नोंदवले होते. ही वेल आणि बिब्बा एकाच कुळातले. आंबा, काजू आणि जपानी लाखेचे झाडही त्याच कुळातले. लाखेच्या झाडातील दाहक द्रव्याची, म्हणजे उरुशिऑलची, रचना जपानी रसायनशास्त्रज्ञ रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत उलगडली. १९३१ मध्ये पिल्ले आणि सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी बिब्ब्यातून वेगळ्या केलेल्या द्रव्याला 'भिलावनॉल' म्हटले गेले. ही द्रव्ये एकमेकांची सख्खी भावंडे : एक कॅटेकॉलचे कडे आणि त्याला जोडलेली कार्बनची लांब शेपटी. लहानपणी घरामागच्या रानात पॉयझन आयव्हीने ज्याला एकदा पोळले, त्याच्या शरीराला बिब्बा हजारो मैलांवरही ओळखीचा वाटू शकत होता.

या ओळखीची तऱ्हा विचित्र आहे. ही द्रव्ये आम्लासारखी सरळ भाजत नाहीत. ती कातडीत मुरतात, तिथल्या प्रथिनांना चिकटतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला परकी समजतात. पहिल्या खेपेस ही तयारी व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि बहुधा वर काहीच दिसत नाही. पुढच्या स्पर्शानंतर एक ते तीन दिवसांत पुरळ फुटते. ही स्मृती रक्तद्रवात नसून पेशींत असते, हे कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी गिनीपिगांवरील प्रयोगांतून १९४२ मध्ये दाखवले. म्हणजे आसामातल्या त्या निदानाच्या अवघे एक वर्ष आधी. तपासातली खरी मेख याच विलंबात होती. पुरळ 'अचानक' उठले असे रुग्ण सांगतो आणि आज सकाळी काय खाल्ले, काय लागले हे आठवत बसतो. कारण मात्र परवा अंगावर चढवलेल्या, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्यात असते.

कारणाने अंगावर नकाशा काढला नाही, तर शोध आणखी अवघड होतो. १९८२ मध्ये, योगायोगाने पेनसिल्व्हेनियातच, मुलांच्या बेसबॉल संघटनेने निधीसाठी काजूची पाकिटे विकली आणि त्या भागातील ५४ जणांना पॉयझन आयव्हीसारखे पुरळ उठले. जंगलात जाण्याचा संबंध नव्हता. पुरळही एका जागी नव्हते, कारण दाहक द्रव्य बाहेरून लागले नव्हते, पोटातून आले होते. तेव्हा रुग्णांचे कपडे नव्हे, खाणे तपासावे लागले. काजूच्या सालीतही या कुळाचेच दाहक तेल असते, हे गोव्या-कोकणातल्या काजू सोलणाऱ्या बायकांना आपल्या बोटांवरून ठाऊक आहे. मोझांबिकहून आलेल्या त्या काजूंच्या पाकिटांत सालीचे तुकडे सापडले.