वाइनरी बघायचीय, पण खिशाला कात्री नको? खान्देशातून नाशिकला निघण्याआधी हे वाचा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात 'वाइन शॉप'ची पाटी दिसते. आत मात्र व्हिस्की, रम आणि बिअरचं राज्य असतं. खरी वाइन म्हणजे वरच्या फळीवर धूळ खात उभ्या असलेल्या चार बाटल्या. त्यामुळे एरंडोल, पारोळा, अमळनेरकडच्या अनेकांची वाइनशी खरी ओळख होते ती नाशिकच्या सहलीत, तीही इन्स्टाग्रामवर कुणाचं तरी रील बघून.

परत येताना गाडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मजा आली, पण पैसे फार गेले."

गंमत म्हणजे हे पैसे वाइनवर फारसे जातच नाहीत. मग ते जातात कुठे? आणि कमी खर्चात ही सहल चांगली कशी करता येईल?

थोडक्यात

- सहलीत सर्वात महाग पडतं ते मुक्काम, भाड्याची गाडी आणि शनिवार-रविवार.
- बाटली घेण्याआधी टेस्टिंग करा. थोड्या पैशांत आपल्याला काय आवडतं ते कळतं.
- महाग वाइन चवीला चांगली असेलच असं नाही. यावर अभ्यास झाले आहेत.
- खान्देशच्या उन्हात बाटली खराब होते. ती आणायची आणि ठेवायची पद्धत माहीत हवी.
- वाइनमध्ये अल्कोहोल असतं. पिऊन गाडी चालवायची नाही.

नाशिकच का?

महाराष्ट्रात आधुनिक वाइन सर्वप्रथम गाजली ती पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावची. शामराव चौगुले यांच्या शातो इंदाजची फसफसणारी वाइन १९८०च्या दशकात परदेशातही विकली जात होती. नाशिकचं नाव झालं ते नंतर. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला विनयार्ड्स सुरू केली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर, तर सांगली जिल्ह्यात पलूस इथे वाइन पार्क उभे राहिले. पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळालं.

वाइनरीची सहल हा प्रकार आपल्याकडे रुजला तो २००५ नंतर. त्या वर्षी सुलाने गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली. लोक कारखाना बघायला, चव घ्यायला आणि संध्याकाळी बाग बघत बसायला येऊ लागले. आज नाशिकला येणाऱ्या पर्यटकांच्या यादीत पंचवटी आणि त्र्यंबकेश्वरसोबत वाइनरीचंही नाव असतं.

पैसे नेमके जातात कुठे?

चार मित्रांच्या दोन दिवसांच्या सहलीचा हिशोब मांडून बघा. प्रवास, नाशिकमधलं फिरणं, मुक्काम, जेवण, प्रवेश आणि टेस्टिंग, शेवटी दुकानातली खरेदी. यात टेस्टिंगचा खर्च सहसा सर्वात कमी असतो. वाइनरीच्या रिसॉर्टमधली खोली, तिथल्याच रेस्टॉरंटमधलं जेवण आणि दिवसभरासाठी ठरवलेली टॅक्सी या तीन गोष्टींनी बजेट कोलमडतं.

म्हणून पहिला नियम: राहायचं शहरात, बघायची वाइनरी. नाशिक शहरात सीबीएस, शालिमार, कॉलेज रोड परिसरात सर्व दरांची हॉटेलं आहेत. गंगापूर रोडवरच्या वाइनरी शहरापासून जवळ आहेत, त्यामुळे तिथेच मुक्काम करायची गरज नाही. दुपारचं जेवण शहरात मिसळ किंवा थाळीवर करून चारच्या सुमारास वाइनरीत गेलात, तर तिथे फक्त टेस्टिंग आणि एखादी छोटी डिश एवढाच खर्च उरतो. शिवाय भरल्या पोटी वाइन चढतही नाही पटकन.

दुसरा नियम: निघण्याआधी फोन करा. चार गोष्टी विचारा. प्रवेश शुल्क आहे का? ते आत खर्चातून वजा होतं का? टेस्टिंगमध्ये किती वाइन आणि किती मिली मिळतात? कारखाना दाखवणारी फेरी त्यात धरलेली आहे का? हे दर आणि नियम वाइनरीनुसार वेगळे असतात आणि शनिवार-रविवारी बदलतातही. मागच्या वर्षीच्या रीलवर विसंबून जाऊ नका.

एरंडोलहून जायचं कसं?

एरंडोल जळगाव-धुळे महामार्गावर आहे. रस्त्याने पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत असं करत नाशिक साधारण सव्वादोनशे किलोमीटर पडतं. एसटी हा सर्वात स्वस्त मार्ग. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. मैत्रिणींचा ग्रुप जाणार असेल, तर इथेच मोठी बचत होते.

रेल्वेने जायचं तर जळगाव गाठावं लागतं. तिथून चाळीसगाव, मनमाडमार्गे नाशिकरोड. याच मार्गावर पुढे इगतपुरी येतं, म्हणजे इगतपुरीकडच्या वाइनरीही रेल्वेने आवाक्यात येतात. नाशिकरोड स्टेशनपासून शहर आठ-दहा किलोमीटर आहे आणि 'सिटीलिंक'च्या बस चालतात. शेवटच्या टप्प्यापुरती रिक्षा करायची. जाण्यायेण्याचा दर आधी ठरवून घ्या, कारण धरणाच्या बाजूला संध्याकाळी उशिरा रिक्षा सहज मिळेल याची खात्री नसते.

स्वतःची गाडी न्यायची असेल, तर एक जण न पिणारा हवाच. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि चांदवडचा घाट रात्री उतरायचा आहे, हे दंडापेक्षा मोठं कारण आहे.

जायचं कधी?

युरोपात द्राक्षतोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये असते. आपले शेतकरी वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी. त्यामुळे द्राक्षं थंडीत भरतात आणि उन्हाळा तापायच्या आत तोडली जातात.

म्हणजे घड लगडलेली बाग बघायची, तर जानेवारी-फेब्रुवारी गाठा. मात्र तेव्हाच गर्दीही असते. मधल्या वारी, म्हणजे मंगळवार ते गुरुवारी गेलात तर खोली स्वस्त मिळते आणि टेस्टिंग करून देणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. ही दुसरी गोष्ट पैशांत मोजता येत नाही.

पावसाळ्यात द्राक्षं नसतात, पण गंगापूर आणि इगतपुरीचा परिसर हिरवागार असतो. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा टाळा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाचे दिवस 'ड्राय डे' असतात. त्या दिवशी जाऊन हात हलवत परत यावं लागेल. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा आहे, त्या काळात खोल्यांचे दर आणि गर्दी दोन्ही वेगळ्या पातळीवर असणार.

कुठल्या वाइनरी बघायच्या?

एका दिवसात दोन पुरे. तिसरीत पोचेपर्यंत जिभेला चव कळत नाही आणि बिल मात्र वाढतं.

- गंगापूर धरणाची बाजू: सुला, यॉर्क आणि सोमा. सुला मोठी आणि गजबजलेली. यॉर्क तुलनेने लहान. ती २०२१ मध्ये सुलानेच विकत घेतली. एक मोठी आणि एक लहान अशी जोडी केली, तर फरक चांगला कळतो.
- इगतपुरीची बाजू: सांजेगावची ग्रोवर झाम्पा आणि कावनईजवळची व्हॅलोने. इथे गर्दी कमी, पण येण्याजाण्याची सोय आधी बघावी लागते.

टेस्टिंग करायचं कसं?

टेस्टिंगमध्ये पाच-सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या देतात. प्रत्येकी ३० मिली धरली, तर सहा वाइनची मिळून साधारण एक ग्लास होते. म्हणजे हे पिणं कमी आणि ओळख करून घेणं जास्त.

क्रम हलक्याकडून जडकडे असतो: आधी फसफसणारी आणि पांढरी, मग गुलाबी, मग लाल आणि शेवटी गोड. ग्लास दांडीला धरा, हलकेच फिरवा, वास घ्या आणि मग छोटा घोट. तो तोंडात थोडा वेळ घोळवा. गिळायचा नसेल तर त्यासाठी ठेवलेल्या भांड्यात टाका. जगभरातले जाणकार हेच करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तीन शब्द माहीत असले की निम्मं काम होतं:

- ड्राय: गोडवा जवळजवळ नसलेली. पहिल्यांदा पिणाऱ्याला ती आंबट वाटते. खराब झालेली नसते.
- टॅनिन: तुरटपणा. कोरा चहा जास्त उकळला की जीभ जशी ओढल्यासारखी होते, तसंच. लाल वाइनमध्ये तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो.
- बॉडी: तोंडात जाणवणारा दाटपणा. ताक आणि दूध यांत जसा फरक असतो, तसा.

फोनमध्ये नावं लिहून ठेवा आणि समोर 'आवडली', 'नाही' एवढंच लिहा. पुढच्या खरेदीला हीच यादी पैसे वाचवते.

महाग म्हणजे चांगली?

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून जास्त वेळा लोकांना किंमत न सांगता वाइनची चव घ्यायला लावली होती. प्रशिक्षण नसलेल्या लोकांना महाग वाइन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उलट बाजूने प्रयोग केला. एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलर ऐकल्यावर ती लोकांना जास्त आवडली. मेंदूच्या स्कॅनमध्येही आनंदाशी संबंधित भाग जास्त सक्रिय दिसला.

थोडक्यात, किंमतीची चव आपल्या डोक्यात असते. घरी हा प्रयोग सहज करता येतो. दोन बाटल्या कागदात गुंडाळा, मित्रांना द्या आणि नंतर किंमत सांगा.

परदेशी बाटली महाग असण्याचं कारण अनेकदा चव नसून कर असतो. वाइनवर अनेक वर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियासोबतच्या करारानंतर, २९ डिसेंबर २०२२ पासून तिथल्या ठरावीक किंमतीवरच्या वाइनवर ते कमी होऊ लागलं. राज्यातल्या वाइनला हा भार नाही. म्हणून त्याच पैशांत नाशिकची बाटली बहुतेक वेळा जास्त चांगली मिळते.

बाटली घरी आणताना

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. अशा उष्णतेत वाइन काही तासांत बिघडू शकते आणि बूच वर सरकतं. उन्हाळ्यात बाटली घेऊच नका किंवा कपड्यांत गुंडाळून पायाशी, सावलीत ठेवा. बिल जपून ठेवा.

घरी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा फ्रिजवर ठेवू नका. उन्हाळ्यात फ्रिजच्या आत ठेवलेली बरी. 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' हे मोजक्याच बाटल्यांना लागू आहे. आपल्याकडच्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते.

शेवभाजीसोबत कुठली?

तिखटासोबत तुरट लाल वाइन घेतली की तोंडाची आग आणखी वाढते. शेवभाजीसोबत किंचित गोडसर, थंड केलेली शेनिन ब्लां चांगली जाते. हिरव्या मिरचीच्या भरीताला सोव्हिन्यों ब्लां, कारण तिच्यातच हिरवा, ताजा वास असतो. शिराझ मटणासोबत चालेल, फक्त रस्सा फार झणझणीत नको. आणि खापरावरच्या पुरणपोळीसोबत गोड 'लेट हार्वेस्ट' वाइन एकदा करून बघायला हरकत नाही.

'वाइन म्हणजे दारू नाही' हे खरं का?

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा वाद पेटला होता. शेतीच्या अर्थकारणाची बाजू आपल्या जागी, पण आकडे स्पष्ट आहेत. साडेबारा टक्के अल्कोहोलच्या १५० मिली वाइनमध्ये सुमारे १९ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १३ मिली. म्हणजे एक ग्लास वाइन एका छोट्या पेगपेक्षा जास्त भरते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण नाही. 'हृदयाला चांगली' म्हणून वाइन सुरू करू नका. गरोदर असाल, औषधं सुरू असतील किंवा घरात व्यसनाचा त्रास झालेला असेल, तर द्राक्षाची बाग आणि कारखाना बघूनही सहल पूर्ण होते. २१ वर्षांखालच्यांना वाइनरीत वाइन मिळत नाही.

कमी खर्चाचा आणि कमी त्रासाचा मार्ग इथे एकच आहे: थोडी घ्या आणि लक्ष देऊन घ्या. सहा घोटांतली एखादी चव मनापासून आवडली, तिचं नाव फोनमध्ये लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने एक बाटली घेऊन एरंडोलला परत आलात, तर सहल वसूल.