ढगाच्या तळाची कुळकथा

ढगाचा तळ किती उंचीवर असेल, हे जमिनीवरूनच सांगणारी एक रीत शिकाऊ वैमानिकाला सुरुवातीलाच शिकवतात. तापमान आणि दवबिंदू यांत जितक्या अंश सेल्सियसचा फरक, तितके चारशे फूट. वर चढणारी असंपृक्त हवा किलोमीटरमागे ९.८ अंशांनी गार होते, तिचा दवबिंदू मात्र जेमतेम १.८ अंशांनी उतरतो. दोघांतले अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी मिटते, म्हणजे अंशाला १२५ मीटर.

ढगांना नावे ल्यूक हॉवर्ड यांनी १८०२ साली दिली. तळाच्या हिशेबाचे श्रेय सहसा अमेरिकेच्या जेम्स एस्पी यांना मिळते. वाफेचे थेंब होताना सुटणारी उष्णता ढगाला वर रेटते, हेही त्यांनी १८४१च्या आपल्या वादळांवरील ग्रंथात मांडले. श्रेय रास्त आहे, पण अपुरे. तळ कळून वैमानिकाचे भागत नाही. ढग चादरीसारखा पसरून राहील की माथा काढत वर जाईल, हे त्याला कळायला हवे. आणि त्या उत्तराचे कूळ पुण्यात सापडते.

शिवाजीनगरच्या हवामान खात्याला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, कारण १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून तिथे आले. तेव्हाचे प्रमुख होते चार्ल्स नॉर्मंड. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा त्यांनी ढगाच्या गणितात आणला. तापमानापासून कोरड्या हवेची रेषा, ओल्या तापमापकापासून संपृक्त हवेची रेषा आणि दवबिंदूपासून बाष्पप्रमाणाची रेषा वर नेली, तर तिन्ही एकाच बिंदूत भेटतात. तोच ढगाचा तळ. ज्यावर हे आखायचे तो टेफिग्राम नावाचा आलेख-कागद ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ नेपियर शॉ यांचा, म्हणून सारे श्रेय त्यांना देण्याचा मोह होतो. पण कागद शॉ यांचा असला तरी नियम नॉर्मंड यांचाच.

ओल्या तापमापकाच्या या आकड्याचे मर्म पालघर जिल्ह्यात, जव्हारजवळच्या दाभोशाला उत्तम दिसते. लेंडी नदीचा धबधबा कोसळतो तेव्हा उडणारे तुषार हवेत विरतात. तापमान उतरते, दवबिंदू चढतो, पण ओल्या तापमापकाचा आकडा जवळपास जागचा हलत नाही. पाऊस पडून गेला तरी टिकणारी हवेची ही खूण आहे. वाळ्याचे पडदे भिजवून खोली गार करणाऱ्या देशात राहिल्यामुळेच नॉर्मंड यांचे लक्ष तिच्याकडे वळले असावे. हा तर्कच आहे, पण पटण्याजोगा.

१९३८ साली त्यांनी हवेतील दडलेल्या अस्थिरतेचा निकष मांडला. खालच्या हवेच्या ओल्या तापमापकावरून वर नेलेली रेषा वरच्या हवेहून उष्ण ठरली, तर त्या हवेत उसळी दडलेली असते. डोंगराने किंवा उन्हाने तिला पुरेशा उंचीवर लोटले की ढग आपोआप वाढत जातो. रेषा वरच्या हवेहून थंडच राहिली तर हवा स्थिर असते आणि डोंगराने वर लोटली तरी ढग थराने पसरतो.

दाभोशाच्या दरीतले तुषार म्हणजे ढग नव्हे. ते फुटलेले पाणी. पण पावसाळ्यात जव्हारच्या पठारावर ज्याला धुके म्हणतात, तो बहुतेकदा ढगच असतो. समजा, डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावर तापमान २८ आणि दवबिंदू २५ आहे. फरक ३, म्हणजे तळ १,२०० फुटांवर. जव्हार मात्र सुमारे ४५० मीटरवर, म्हणजे जवळपास १,५०० फुटांवर. समुद्रावरची हवा चढण चढेपर्यंत पठार ढगात गेलेले असते.

किनाऱ्यावरून पूर्वेला निघणाऱ्या नवख्या वैमानिकाने म्हणूनच काढलेल्या तळातून नकाशावरची जमिनीची उंची आधी वजा करावी. उत्तर शून्याखाली आले, तर नजरेच्या भरवशावर जव्हार-मोखाड्याकडे उड्डाण करू नये.