शोधनिबंध-सादरीकरण

अभ्यासातून हाती आलेला निष्कर्ष ठरावीक वेळेत, जाणकार श्रोत्यांपुढे, पुराव्यासह मांडणे आणि त्यावरील प्रश्नांना उत्तरे देणे म्हणजे शोधनिबंध-सादरीकरण. महाविद्यालयीन प्रकल्पाची तोंडी परीक्षा, चर्चासत्रातील निबंधवाचन, ‘आविष्कार’सारखी संशोधन स्पर्धा आणि पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा हे त्याचे आजचे रूढ प्रकार. व्याख्यात्याला श्रोते ऐकण्यासाठी बोलावतात. सादरकर्ता आपले म्हणणे तपासून घेण्यासाठी श्रोत्यांपुढे येतो. त्यामुळे चर्चेला वेळच उरला नाही, तर सादरीकरण अपुरे राहिले असे मानले पाहिजे. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील परंपरा थोडक्यात देऊन तयारीचे विवेचन रायगड जिल्ह्यातील मुरुड परिसराच्या अभ्यासविषयांवरून केले आहे.

परंपरा : मुंबईत १८०४ मध्ये स्थापन झालेली लिटररी सोसायटी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी, रा. गो. भांडारकर यांचे संशोधन या शाखेच्या नियतकालिकातून विद्वानांपुढे आले. तेथील व्यवहार इंग्रजीत चाले. मराठीत निबंध वाचून त्यावर बोलण्याची शिस्त एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी लावली. १८४८ मध्ये तेथे विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञानविषयक सभा निघाली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा सुरू झाल्या. यांतील मराठी शाखेचे, म्हणजे मराठी ज्ञानप्रसारक सभेचे, पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. सभेत वाचलेले निबंध १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकातून छापले जाऊ लागले. गोविंद नारायण माडगावकर हे तेथील निबंधवाचकांपैकी एक. शाळेत शिकवणारी, नोकरी करणारी माणसे नव्या विद्येतला एकेक विषय उचलून तो आपल्या भाषेत, आपल्याच बरोबरीच्या लोकांपुढे मांडत होती. आजच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने आपले पूर्वज शोधायचे तर ते या सभेत शोधावेत.

न्या. रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे स्थान लोकशिक्षणाच्या इतिहासात मोठे आहे. पण व्याख्यानमालांचे वळण वक्तृत्वाचे, आणि मराठी श्रोत्याच्या मनात विद्वत्तापूर्ण बोलणे म्हणजे ओघवते बोलणे हे समीकरण याच वळणाने पक्के केले असे दिसते. याहून वेगळी वाट भारत इतिहास संशोधक मंडळाने घेतली. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात ते स्थापले. मंडळाच्या सभांतून कागदपत्रे व टिपणे वाचली जात आणि मग इतिवृत्ते व संमेलनवृत्ते यांतून छापली जात. एखादे अस्सल पत्र, एक सनद, एक तारीख एवढ्यावरही टिपण उभे राही. लहान पण पुराव्याने बांधलेले असे हे टिपण आजच्या दहा मिनिटांच्या सादरीकरणाचा सर्वांत चांगला नमुना आहे. पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वतीने १९१९ मध्ये, आणि पुढे भारतीय इतिहास परिषद म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेचे पहिले अधिवेशन १९३५ मध्ये, अशी दोन्ही पुण्यातच भरली. विज्ञानाच्या बाजूने मराठी विज्ञान परिषदेची (स्थापना १९६६) वार्षिक अधिवेशने महत्त्वाची आहेत.

आजची चौकट : राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून राज्यातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते. पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील विद्यार्थी भित्तिपत्रक व तोंडी मांडणी अशा दोन्ही प्रकारांत तिच्यात उतरतात. मुरुडची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने येथील विद्यार्थ्यांचा रस्ता आधी विद्यापीठाच्या फेऱ्यांतून जातो. शाळकरी वयात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद (१९९३ पासून) हीच सवय लावते : परिसरातला प्रश्न घ्यायचा, गटाने काम करायचे आणि परीक्षकांपुढे उभे राहायचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांतून दोन निबंध वाचणे आवश्यक होते. २०२२ च्या नियमावलीत ही सक्ती राहिली नाही. प्रबंधापूर्वी सल्लागार समितीपुढे करायचे खुले सादरीकरण मात्र कायम आहे. अध्यापकांसाठी २०१० च्या नियमावलीत निबंधवाचनाला गुण होते : आंतरराष्ट्रीय परिषदेस १०, राष्ट्रीय परिषदेस ७.५, राज्य पातळीवर ५ आणि स्थानिक पातळीवर ३. यानंतर चर्चासत्रांचे पीक आले. त्यामुळे संशोधन वाढले की केवळ प्रमाणपत्रे, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही.

विषयनिवड – मुरुडची साधने : लहान गावच्या विद्यार्थ्याजवळ मोठे ग्रंथालय नसते, पण विषय दाराशी असतो. मुरुडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग हा जलदुर्ग दिसतो, राजपुरीहून होडीने सिद्दींच्या जंजिरा या जलदुर्गात जाता येते, फणसाडचे अभयारण्य (१९८६) तालुक्यातच आहे. अडचण अशी, की या विषयांवर ऐकीव माहिती फार आणि ती सगळ्यांना पाठ. ‘जंजिरा अजिंक्य राहिला’ हे वाक्य घेऊन उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने नवे काही सांगितलेले नसते. तोच विद्यार्थी ‘१६८१-८२ च्या संभाजी महाराजांच्या जंजिरा मोहिमेविषयी मराठी साधने काय सांगतात, इंग्रजांची पत्रे काय सांगतात आणि दोहोंत मेळ कुठे बसत नाही’ एवढेच घेऊन आला, तर श्रोते सावरून बसतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील खंड १८८३ चा आहे, द. रु. बानाजी यांचे मुंबई आणि सिद्दी यांच्या संबंधांवरील इंग्रजी पुस्तक १९३२ चे. दोन्ही उपयुक्त, पण घटनांनंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिलेली. गॅझेटिअरचा आधार अस्सल कागदासारखा देणे ही या परिसरावरील निबंधांतली नेहमीची उणीव आहे. किल्ल्याच्या आरंभीच्या बांधणीबद्दल आणि तो हस्तगत झाल्याच्या कथेबद्दल साधनांत भेद आहेत. सादरकर्त्याने एक बाजू गृहीत न धरता भेद आहे हे सांगून पुढे जावे.

तालुक्यातील कोर्लई येथे किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारा ख्रिस्ती समाज पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली बोलतो. पोर्तुगीजांची सत्ता १७४० मध्ये येथून गेली, तरी बोली टिकली. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचा तिच्यावरील ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विषयात ध्वनिमुद्रण ऐकवणे हाच पुरावा असतो. बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी, अर्ध्या मिनिटाहून मोठा तुकडा ऐकवू नये, आणि पडद्यावर उच्चार देवनागरीत, खाली मराठी अर्थ असा द्यावा. ज्यांची भाषा आहे त्यांच्यापैकी कोणी सभागृहात असू शकते, हे ध्यानात ठेवून बोलावे.

विज्ञान शाखेला खडकाळ किनारा, खारफुटी, मासळी उतरण्याचे धक्के, सुपारी-नारळाच्या वाड्या हे विषय जवळचे. खडकावरील जीवांची मोजणी सांगताना तिथी व ओहोटीची वेळ सांगितलीच पाहिजे. उधाणाच्या ओहोटीला उघडा पडणारा पट्टा भांगाच्या दिवसांत पाण्याखालीच असतो. दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी मांडले तर तुलना फसते. हे मुरुडजवळच्या एकदरा गावातील कोळ्याला सांगावे लागत नाही, परीक्षकाला सांगावे लागते. छायाचित्रात मोजपट्टी ठेवावी, तारीख घालावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने येथील सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. त्या नुकसानीवर बोलताना ‘इतके टक्के झाडे पडली’ म्हणण्याआधी किती वाड्या पाहिल्या, कोणत्या गावांतल्या, कधी पाहिल्या आणि झाडे स्वतः मोजली की वाडीवाल्याने सांगितली, हे आले पाहिजे. टक्केवारीमागचा आकडा लपला, की पहिला प्रश्न तोच येतो.

मांडणी : निष्कर्ष पहिल्या दोन मिनिटांत सांगावा. शेवटी उलगडण्यासाठी राखून ठेवलेला निष्कर्ष बहुधा सत्राध्यक्षांच्या घंटेखाली सापडतो. उद्घाटन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यांत सकाळ जाते आणि पत्रिकेत पंधरा मिनिटे दिलेल्या निबंधाला प्रत्यक्षात सात मिळतात. मग चर्चा रद्द होते. दूर गावाहून एसटीने आलेल्या विद्यार्थ्यावर हा अन्याय आहे आणि आयोजकांनी तो थांबवायला हवा. तो थांबेपर्यंत सादरकर्त्याने पाच मिनिटांची एक आवृत्ती वेगळी तयार ठेवावी. पंधरा मिनिटांचे बोलणे घाईने पाच मिनिटांत कोंबता येत नाही. पाच मिनिटांत एक प्रश्न, एक पुरावा, एक उत्तर एवढेच बसते.

छापील तीनशे शब्दांचे पान समजेल असे वाचायला सुमारे तीन मिनिटे लागतात. त्या हिशेबाने दहा मिनिटांत तीन पानांच्या पुढे मजकूर नेऊ नये. लिहिलेला निबंध जसाच्या तसा वाचू नये : कागदावरचे लांब वाक्य डोळ्यांना मागे जाऊन पुन्हा वाचता येते, कानाला ती सोय नाही. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू होणारे संबोधन एका ओळीत आटोपावे. पूर्वाभ्यास घड्याळ लावून, उभ्याने, मोठ्या आवाजात करावा, आणि निदान एक श्रोता विषयाबाहेरचा असावा.

दृक्साधने : पारदर्शिका व ओव्हरहेड प्रोजेक्टर यांची जागा संगणकीय स्लाइडनी घेतली. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये आले. आपल्याकडे ‘पीपीटी’ हा शब्द सादरीकरणाचाच पर्याय होऊन बसला. मिनिटाला एक स्लाइड हे प्रमाण पुरते. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्याने ओळींत अंतर जास्त लागते. शेवटच्या बाकावरून वाचता येईल असे अक्षर ठेवावे. उजेड आत येणाऱ्या दालनात आणि मंद प्रोजेक्टरवर फिक्या पार्श्वभूमीवरील गडद अक्षर टिकते. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या टंकांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर अनोळखी चिन्हांत बदलतो. मजकूर युनिकोडमध्ये असावा, सोबत पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असावी आणि वीज गेली तर हाती धरायला एक छापील पान असावे. प्रत्येक दाव्याच्या शेजारी, त्याच स्लाइडवर, त्याचा आधार व वर्ष द्यावे. शेवटच्या स्लाइडवर घाईने सरकवलेली संदर्भयादी कोणी वाचत नाही.

भाषा : मुरुडच्या वर्गात घरी कोळी, आगरी, कोकणी मुसलमानी बोली किंवा उर्दू बोलणारी मुले शेजारी बसतात आणि विज्ञानाचे सादरीकरण बहुधा इंग्रजीत करतात. पाठ केलेले इंग्रजी पहिल्या प्रश्नाला अडते. नियम आड येत नसेल तर मराठीत बोलावे, पारिभाषिक संज्ञा इंग्रजी ठेवाव्यात. स्थानिक नावे, मग ती माशांची असोत की खडकांची, आधी येथल्या लोकांच्या तोंडची आणि नंतर शास्त्रीय अशा क्रमाने द्यावीत. शास्त्रीय नावावाचून ओळख पक्की होत नाही आणि स्थानिक नावावाचून माहिती कोणाकडून आली ते कळत नाही.

प्रश्नोत्तरे : प्रश्न पूर्ण ऐकावा, टिपून घ्यावा, मोठ्या सभागृहात तो पुन्हा उच्चारावा आणि मग उत्तर द्यावे. उत्तर तीन-चार वाक्यांत संपावे. माहीत नसेल तर ‘हे मी तपासलेले नाही’ असे सरळ म्हणावे. जाणकार परीक्षक याने गुण कापत नाही. ‘सरांनी सांगितले म्हणून’ हे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही, आणि मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या वतीने उत्तर देणे गैर आहे. संभाव्य प्रश्नांची यादी करताना पद्धतीवरचे प्रश्न आधी घ्यावेत : हीच जागा का, हाच काळ का, याच व्यक्तींना का विचारले, विरोधी पुरावा आढळला तर त्याचे काय केले. सादरीकरणानंतर त्याच संध्याकाळी सगळे प्रश्न उतरवून ठेवावेत. छापायच्या निबंधातील सर्वांत उपयोगी दुरुस्त्या तेथूनच येतात. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या संमेलनवृत्तांची परंपराही सभेत वाचले ते छापून तपासाला खुले ठेवण्याची आहे.

भित्तिपत्रक : तीन पावलांवरून मथळा व निष्कर्ष वाचता यावा, बाकी तोंडी मांडणीप्रमाणेच.

दूरस्थ सादरीकरण : २०२० च्या टाळेबंदीनंतर वेबिनार रूढ झाले. त्याच वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळाने मुरुड, श्रीवर्धन भागातील वीज व दूरध्वनी सेवा अनेक दिवस बंद पाडली. किनाऱ्यावरील सादरकर्त्याने ध्वनिचित्रमुद्रित प्रत आयोजकांकडे आधी पाठवून ठेवावी आणि प्रश्नांसाठी फोन नंबर द्यावा.