पोकळ ब्लॉक, सळई आणि काच : भूकंपरोधक भिंतीची कुळकथा

सिपना नदीच्या खोऱ्यात, परतवाडा-धारणी रस्त्यावर वसलेल्या सेमाडोहसारख्या मेळघाटातील गावांत कोरकूंचे परंपरागत घर सागवानी खांबांवर उभे राहते. खांबांमधील जागा बांबूच्या कुडाने भरून त्यावर माती-शेणाचा लेप दिला जातो आणि वर कवेलू चढतात. छपराचे ओझे येथे भिंतीवर नसून खांबांवर असते, आणि भिंत हलकी व लवचिक असल्यामुळे जमीन हादरली तर लेप गळतो, पण कुड सहसा माणसाच्या जिवावर उठत नाही. दगड, वीट वा सिमेंट ब्लॉक यांच्या भिंतीत हा गुण उपजत नसतो. अशी भिंत दाब सोसते, ताण मात्र सोसत नाही. शिवाय भूकंपाचा आडवा रेटा इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढत असल्याने भिंत जितकी जड, तितके तिच्यावरचे संकट मोठे.

ताण सोसण्यासाठी बांधकामात लोखंड घालण्याची कल्पना जुनी आहे. मार्क ब्रूनेल याने थेम्स नदीखालील बोगद्याच्या कामात 1825 मध्ये विटांच्या विहिरीला लोखंडी दांडे व कड्यांनी बांधले होते. पण भूकंपाशी या कल्पनेची खरी गाठ पडली ती बलुचिस्तानात. तेथे 1931 च्या माच भूकंपानंतर एस. एल. कुमार या तरुण रेल्वे अभियंत्याने क्वेट्टा येथील रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे आडव्या रेट्याचा हिशेब करून, जुन्या रुळांचा आधार देऊन रचली. 31 मे 1935 च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झाले आणि हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा ही घरे उभी राहिली. शास्त्रीय सिद्धान्ताची इतकी निर्दय परीक्षा क्वचितच झाली असेल. त्यानंतरच्या पुनर्बांधणीत रूढ झालेल्या विटांच्या रचनेला ‘क्वेट्टा बाँड’ म्हणतात: विटा अशा लावायच्या की भिंतीच्या पोटात उभ्या पोकळ्या राहतील, त्यांत सळया उभ्या करायच्या आणि त्या पोकळ्या मसाल्याने भरून काढायच्या.

विटा रचून जी पोकळी मिळवावी लागे, ती काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकमध्ये तयारच मिळते. असे ब्लॉक पाडण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हार्मन पामर याने 1900 मध्ये घेतले होते, परंतु तेव्हा हेतू स्वस्ताईचा आणि वेगाचा होता. मार्च 1933 मध्ये कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या भूकंपात विटांच्या शाळा ढासळल्यावर तेथे सळईविना बांधकामावर बंदी आली आणि ब्लॉकच्या पोकळीला नवे काम मिळाले. एकावर एक जुळणाऱ्या पोकळ्यांतून पायापासून वर सळई न्यायची, त्या पोकळ्या पातळ काँक्रीटने भरायच्या आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सळईयुक्त काँक्रीटचा सलग पट्टा सर्व भिंतींवरून फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. भरलेल्या पोकळ्यांची भिंत फोडणेही अवघड असल्याने सुरक्षित खोल्यांसाठी हीच पद्धत सोयीची ठरली.

काचेच्या ब्लॉकचे कूळ वेगळे आहे. स्वित्झर्लंडच्या गुस्ताव फाल्कोनिये याने 1880 च्या दशकात फुंकून घडवलेल्या पोकळ काचविटांचे पेटंट घेतले. पुढे काचेचे दोन अर्धे भाग तापवून जोडण्याची रीत आली. या ब्लॉकने उजेड आत येतो, नजर अडते आणि साध्या तावदानासारखा तो सहज फुटत नाही. मात्र इमारतीचा भार त्याच्यावर टाकायचा नसतो. म्हणून थरांमध्ये बारीक सळयांची जाळी घालून, कडेने दबणारी पट्टी ठेवून, चौकट डोलली तरी काचेला रेटा लागू नये अशी सोय करतात. टोकियोतील रेंझो पियानो यांच्या 2001 च्या हर्मेस इमारतीचा दर्शनी भाग हजारो काचब्लॉकांचा असून तो भूकंपाच्या हालचालीला सामावून घेतो.

भिंती एकमेकींना बांधण्याचा धडा महाराष्ट्राला कोयनेच्या भूकंपाने 1967 मध्ये आणि किल्लारीच्या भूकंपाने 30 सप्टेंबर 1993 रोजी शिकवला. किल्लारीत माती-दगडांच्या जाड भिंतींचे आतील व बाहेरील थर सुटून पडले आणि वरची माळवदे माणसांवर आली. आडव्या पट्ट्याची शिफारस भारतीय मानक 4326 मध्ये 1967 पासूनच होती. ती खेड्यातील गवंड्यापर्यंत पोचली नाही, हा दोष शास्त्राचा नव्हे.

सातपुडाही पूर्ण निश्चल नाही. 1938 मध्ये या रांगेत 6 रिश्टरहून मोठा भूकंप झाला होता आणि ऑगस्ट 2018 मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसराला सौम्य धक्क्यांची मालिका जाणवली. आता मेळघाटात कुडाच्या जागी विटा व ब्लॉकच्या भिंती येत आहेत. ब्लॉक आपोआप भूकंपरोधक होतो हा समज चुकीचा आहे. पट्टा व सळई नसलेली ब्लॉकची भिंत कुडापेक्षा अधिक धोक्याची असते. सेमाडोहात असे घर बांधणाऱ्याने ब्लॉकचा दर ठरवण्याआधी दाराच्या माथ्यावर सलग पट्टा ओतला जाणार का आणि कोपऱ्यांत सळई उभी राहणार का, हे गवंड्याला विचारून घ्यावे.