डाउन सिंड्रोम आणि अल्झायमर

डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूत तुलनेने लहान वयात होणारे अल्झायमर प्रकारचे बदल व त्यांतून उद्भवणारा स्मृतिभ्रंश. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत हे सिंड्रोम आणि मेंदूतील हे बदल या दोन्हींचे समान मूळ आहे. चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत हे बदल आढळतात. लक्षणे साधारणतः पन्नाशीच्या आसपास दिसू लागतात आणि हयातीत स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानली जाते.

इतिहास : जॉन लँग्डन डाउन या इंग्लिश वैद्याने १८६६ मध्ये डाउन सिंड्रोमचे वर्णन केले. दहा वर्षांनी फ्रेझर व मिचेल यांनी अशा रुग्णांत अकाली वार्धक्य येत असल्याचे नोंदवले. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णेच्या मेंदूतील बदल १९०६ मध्ये मांडले. श्ट्रूवे यांना १९२९ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूत तशीच किटणे (साचलेल्या प्रथिनाचे पुंजके) दिसली, तर जर्व्हिस यांनी १९४८ मध्ये अकाली स्मृतिभ्रंशाचे तीन रुग्ण वर्णिले. जादा गुणसूत्राचा शोध १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे श्रेय प्रामुख्याने जेरोम लेज्यून यांना दिले जाते. मार्त गोतिये यांचा वाटाही महत्त्वाचा मानला जातो. ग्लेनर व वाँग यांनी १९८४ मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचलेले अमायलॉइड बीटा हे प्रथिन वेगळे केले. डाउन सिंड्रोम व अल्झायमर या दोन्हींत तेच प्रथिन मिळाल्याने त्याचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर असावे, असा कयास त्यांनी बांधला. १९८७ मध्ये तो खरा ठरला.

कारणमीमांसा : अमायलॉइड बीटा ज्या मोठ्या प्रथिनाच्या तुकड्यांतून बनते, त्याचे एपीपी हे जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. दोनऐवजी तीन प्रती असल्याने हे प्रथिन जन्मापासूनच अधिक तयार होते. चेतापेशींबाहेर अमायलॉइडची किटणे साचतात आणि पुढे पेशींच्या आत टाउ प्रथिनाचे गुंते होतात. या जनुकाचे महत्त्व दोन उलट दिशांच्या पुराव्यांनी पटते. प्रॅशर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वर्णिलेल्या ७८ वर्षांच्या स्त्रीत गुणसूत्राचा काही भागच तिप्पट होता. एपीपीच्या दोनच प्रती होत्या आणि तिच्या मेंदूत अल्झायमर आढळला नाही. उलट, डाउन सिंड्रोम नसूनही केवळ एपीपीची जादा प्रत असलेल्या फ्रेंच कुटुंबांत अल्झायमर लवकर येत असल्याचे २००६ मध्ये दिसून आले. गुणसूत्रावरील इतर जनुकांचा वाटा किती, यावर एकमत नाही.

लक्षणे व निदान : विस्मरणाआधी किंवा त्याबरोबरच स्वभाव बदलू शकतो. व्यक्ती अबोल किंवा हट्टी होते, आवडीच्या कामातून मन काढून घेते; चाल अडखळते. प्रौढपणी प्रथमच फिट येऊ लागणे ही महत्त्वाची खूण होय. नेहमीच्या स्मरणचाचण्या येथे अपुऱ्या पडतात, कारण तुलना इतरांशी करून भागत नाही. त्याच व्यक्तीच्या पूर्वीच्या क्षमतेशी करावी लागते. म्हणून तिशी-पस्तिशीतच आंघोळ, कपडे, जेवण, पैशांची ओळख, वाटा लक्षात राहणे यांची लेखी नोंद करून ठेवावी. थायरॉइडची कमतरता, नैराश्य, मोतीबिंदू, बहिरेपणा, झोपेत श्वास अडणे व ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही अशीच घसरण दिसते आणि यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ‘तो पहिल्यापासून असाच’ असे म्हणून तपासणी टाळणे हा मोठा अन्याय होय.

उपचार : रोग थांबवणारे औषध नाही. मेमँटीन या औषधाचा उपयोग डाउन सिंड्रोम असलेल्यांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसला नाही. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब व डोनानेमॅब यांच्या प्रमुख चाचण्यांत या व्यक्तींचा समावेश नव्हता; मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचलेल्या अमायलॉइडमुळे रक्तस्रावाची भीती असते.

प्रतिबंध : ज्ञात नाही.

रत्नागिरी व कायदा : रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे, राज्यातील अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी एक. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याने मनोरुग्ण व जन्मजात बौद्धिक अक्षमता असलेले यांना एकाच व्याख्येत बसवले होते. १९८७ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता वगळली आणि २०१७ च्या कायद्यानेही ती वगळलेलीच ठेवली. मात्र २०१७ च्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकार येतात. त्यामुळे डाउन सिंड्रोम हा मनोरुग्णालयाचा विषय नाही. त्याच व्यक्तीला पन्नाशीत जडणारा स्मृतिभ्रंश मात्र आहे. ही सीमारेषा ओलांडताना रुग्णाची हेळसांड होऊ नये. शहरातील ‘आविष्कार’ ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी शाळा व कार्यशाळा चालवते. अशा कार्यशाळेतील शिक्षकाला सराईत हात चुकू लागल्याचे डॉक्टरांच्या आधी कळू शकते.

कोकणात भावंडे अनेकदा मुंबईला असतात आणि गावच्या घरी सांभाळ करणारे आई-वडीलच सत्तरी-ऐंशीत पोहोचलेले असतात. मुलाचा स्मृतिभ्रंश आणि पालकांचे थकणे एकाच काळात येते. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या दोन्ही गोष्टी लक्षणे दिसण्यापूर्वी, आई-वडील सही करण्याइतके धडधाकट असताना कराव्यात.