नोड-सॉफ्टवेअर, हौशी रेडिओतील : देखभाल व सुधारणा

हौशी रेडिओच्या पॅकेट जाळ्यात संदेश ऐकून तो पुढच्या स्थानकाकडे धाडणारे स्थानक म्हणजे नोड. मुंबईच्या उपनगरांत त्याची गरज डोंगरांमुळे पडते. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यातले काही माथे ४०० मीटरहून उंच आहेत. १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे हातातल्या संचावरून पलीकडे गाठ पडणे कठीण. उंच इमारतीच्या गच्चीवरचे नोड ही अडचण वळसा घालून सोडवतात.

या जाळ्याची भाषा म्हणजे एएक्स.२५ हा प्रोटोकॉल; १२०० बॉडच्या वेगाला ती १२०० आणि २२०० हर्ट्‌झच्या दोन सुरांत बोलते. जॉन वाइजमन यांचे बीपीक्यू हे नोड-सॉफ्टवेअर आता रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालते. जॉन लँगनर यांचे डायर वुल्फ हे सॉफ्टवेअर साउंडकार्डालाच मोडेम बनवते.

देखभालीत सर्वाधिक लक्ष मागते ती मार्गांची यादी. मार्ग ठरवण्याच्या नेट-रॉम पद्धतीत शेजारी नोड ऐकू आला की त्याच्या मार्गाला बहुधा ६ हा आकडा मिळतो आणि तो ऐकू येईनासा झाला की साधारण दर तासाला एकाने उतरतो. म्हणजे घाटकोपरचा नोड पावसात बंद पडला, तरी अंधेरीच्या यादीत तो कित्येक तास जिवंत राहतो आणि संदेश तिकडेच जात राहतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मोबाईल सेवा कोलमडली. तशा दिवशी ही चूक परवडणारी नाही. आकडा उतरण्याची ही तासाची मुदत कमी करावी, पण बेताने : त्यासाठी नोड एकमेकांना पाठवतात त्या याद्याच वारंवार प्रसारित झाल्या तर १२०० बॉडची अरुंद वाट त्यांनीच भरते. शेजारच्या नोडचालकांनी मिळून एकच मुदत ठरवणे उत्तम.

दुरून दुरुस्ती करतानाही संदेश उघड भाषेतच जातात, म्हणून पासवर्ड जसाच्या तसा पाठवता येत नाही. नोड पाच आकडे देतो आणि चालक पासवर्डातली त्या त्या स्थानावरची अक्षरे कळवतो. पुढच्या वेळी आकडे वेगळे. सुमारे चाळीस वर्षांची ही युक्ती अजून कामाची आहे.

नवी आवृत्ती आधी घरच्या टेबलावर चालवून पाहावी आणि मृग लागण्यापूर्वी गच्चीवर न्यावी. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून चालत्या आवृत्तीचे दुसरे कार्ड तयार ठेवावे. ते कार्ड कुठे आहे आणि गच्चीची किल्ली कोणाकडे, हे आणखी एका परवानाधारकाला सांगून ठेवा.